गोळी सोडविण्यापूर्वी पाळीचा विचार

रात्रपाळीचे कामगार, परदेशातील वेळेनुसार काम करणारे संगणक क्षेत्रातील तरुण, वसुलीच्या उद्दिष्टामागे धावणारे पतसंस्थांचे कर्मचारी असे रुग्ण आज आपणा सर्वांच्याच चिकित्सालयांत येतात. त्यांपैकी कित्येकजण झोपेच्या अथवा उदासीनतेवरील गोळ्या वर्षानुवर्षे घेत असतात आणि “वैद्यराज, एवढ्या गोळ्या सोडवा,” अशी विनंती करतात. या विनंतीस आपण कोणते उत्तर देतो, याचा गांभीर्याने विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गोळी बंद करून काढा सुरू करणे हे सोपे, परंतु घातक उत्तर होय. अल्प्राझोलामसारखे औषध दीर्घकाळ घेतल्यावर एकाएकी थांबविल्यास आकडी येऊ शकते. लिथियम घेणाऱ्या रुग्णास वमन-विरेचन दिल्यास किंवा मीठ वर्ज्य करण्यास सांगितल्यास रक्तातील लिथियम विषारी पातळीपर्यंत वाढू शकते. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या कामगारासही हाच धोका संभवतो. म्हणून मात्रा कमी करण्याचा निर्णय मूळ मानसरोगतज्ज्ञाच्या संमतीनेच व्हावा.

मग वैद्याचे कार्य कोणते? आपल्या शास्त्रात चिकित्सेचा आरंभ निदानपरिवर्जनाने होतो. चरकाचार्यांनी निद्रेची गणना शरीराच्या तीन उपस्तंभांत केली आहे. ज्याची पाळी दर आठवड्यास बदलते, ज्याला मूत्रवेगही रोखून धरावा लागतो, त्याचे निदान केवळ त्याच्या मनात शोधून कसे चालेल? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली ‘बर्नआउट’ची नोंद व्याधी म्हणून न करता व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केली. कारण कामाच्या ठिकाणी आणि उपचार मात्र एकट्या रुग्णावर, अशी विसंगती आपण चालू ठेवू नये.

यासाठी केसपेपरवर पाळी, कामाचे तास, जेवणाची वेळ आणि सुटी यांची नोंद असावी. आवश्यक तेथे, रुग्णाच्या संमतीने, पाळी बदलून मिळण्याविषयी आस्थापनेस पत्र द्यावे. मात्र त्यात रोगाचे नाव नसावे. मानसिक आजाराबाबत गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच रुग्णास दिलेला आहे.

औषधविक्रेत्या बंधूंचे उत्तरदायित्वही लहान नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टान्वये अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. ही नोंदवही केवळ निरीक्षकासाठी आहे असे मानू नये. तेच नाव महिनोन्‌महिने दिसू लागले, तर त्या ग्राहकास पुन्हा तज्ज्ञाकडे जाण्याविषयी आपुलकीने सुचवावे.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. आपल्यापैकी अनेकजण स्वतः मालक आहेत. आपल्या फार्मसीतील भट्टीवरचा कामगार, दुकानात दिवसभर उभा असणारा मुलगा, चिकित्सालयातील परिचारिका यांना बसण्यास जागा, जेवणास निश्चित वेळ आणि हक्काची साप्ताहिक सुटी मिळते काय? इतरांच्या आस्थापनांना पत्रे लिहिण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने ही पाहणी स्वतःच्या वास्तूपासून करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.