आवाज कुणाचा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने स्पोर्ट्स कारच्या सायलेन्सरवर लेख लिहावा, याचे काही प्राध्यापकांना हसू येईल. पण आमच्या वर्गातील गप्पांचा कानोसा घेतला, तर परीक्षेच्या निकालाखालोखाल हाच विषय चालतो. ज्यांच्या घरी दुचाकीसुद्धा हप्त्यावर आली, अशी मुलेही मोबाईलवर नुसता आवाज ऐकून फेरारी कोणती आणि मस्टँग कोणती हे ओळखतात. मीही त्यांतलाच एक. या विषयातले जे थोडेफार मला कळते, त्यातले बरेचसे गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माझ्या थोरल्या चुलतभावाने शिकवले आणि उरलेले वाचनातून आले. तेव्हा हा लेख मोटारींचा तिटकारा असलेल्या माणसाचा नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम यंत्राकडे पाहू. इंजिनात पेट्रोल जळले की तप्त वायू बाहेर पडतात. निरनिराळ्या सिलिंडरांतून निघालेल्या नळ्या एकत्र येतात, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा थर असतो आणि तेथे विषारी वायूंचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. शेवटी सायलेन्सर. त्याच्या आतल्या कप्प्यांत आणि छिद्रे पाडलेल्या नळ्यांत ध्वनिलहरी एकमेकींवर आदळून विरतात. म्हणजे ही सारी रचना दोन कामांसाठी आहे : गाडीचे विष आणि गाडीचा गोंगाट दुसऱ्यापर्यंत कमीत कमी पोहोचावा.

आता सुधारणा म्हणजे काय? वायूंची वाट मोकळी केली, की ते बाहेर ढकलण्यात खर्च होणारी इंजिनाची शक्ती वाचते. मॅनिफोल्डच्या नळ्यांची लांबी नीट मोजून ठेवली, तर एका सिलिंडरमधून निघालेला झोत दुसऱ्यातला वायू ओढून घ्यायला मदत करतो. मात्र नळी वाजवीपेक्षा रुंद केली, तर झोताचा वेग मंदावतो आणि इंजिन सावकाश फिरत असताना त्याचा जोर उलट घटतो. हे सारे गणित आहे आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो. स्लोव्हेनियातील इगोर अक्रापोविच हे मोटरसायकल-शर्यतींत उतरणारे गृहस्थ. त्यांनी स्थापन केलेल्या कारखान्याच्या नळ्या जगातल्या मोठमोठ्या शर्यतींत पोहोचल्या, आज त्या पोर्शेसारख्या गाड्यांनाही बसवतात. त्यांतल्या बऱ्याच टायटॅनियमच्या असतात, आणि टायटॅनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या निम्म्याहून थोडेच अधिक भरते. शर्यतीच्या गाडीत एकेक किलो मोलाचा असतो. तेथे ही सुधारणा खऱ्या अर्थाने सुधारणा आहे.

पण रस्त्यावरच्या गाडीचे काय? स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कारखान्याने वायूंची वाट आधीच पुष्कळ विचाराने आखलेली असते. केवळ शेवटचा सायलेन्सर बदलून तिच्या शक्तीत फारशी भर पडत नाही. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोलगतची नळी आणि इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलली, तर फरक पडतो. परंतु त्या भानगडीत अनेकजण कन्व्हर्टरच काढून टाकतात आणि विष सरळ हवेत सोडतात. माझा भाऊ म्हणतो, "आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं. काटा मात्र होता तिथंच असतो." बहुतेकांना विकत हवा असतो तो आवाजच. शक्ती हे निमित्त.

याचा पुरावा कारखान्यांनीच दिला आहे. २०११ साली आलेल्या बी. एम. डब्ल्यू. एम-५ या गाडीत टर्बोमुळे इंजिनाचा आवाज दबला, तर कंपनीने तो आतल्या स्पीकरांतून ऐकवण्याची सोय केली. पोर्शेच्या टायकान या विजेच्या गाडीत जळायला पेट्रोल नाही, धूर नाही, सायलेन्सरही नाही. तरी जादा पैसे मोजून तिच्यात कृत्रिम आवाज घेता येतो. डॉजने २०२४ साली विजेवर चालणारी चार्जर डेटोना आणली, तीही पेट्रोलच्या इंजिनाची नक्कल करून गरजते. काम एकीकडे आणि गर्जना दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

कोणी म्हणेल, आवाजातही सौंदर्य असते. मी ते नाकारत नाही. लेक्ससने २०१० ते २०१२ या काळात एल. एफ. ए. या अवघ्या ५०० गाड्या बांधल्या. तिच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनाचा सूर जुळवण्यासाठी वाद्ये बनवणाऱ्या यामाहाची मदत घेतली होती. तो आवाज मी कितीदा तरी ऐकला आहे आणि मला तो आवडतो. पण गाण्याच्या मैफलीला श्रोता आपल्या पायाने जातो, नको वाटले तर उठून येतो. रस्त्याकडेच्या घरातला माणूस कुठे उठून जाणार?

हा प्रश्न अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एका अभियंत्यालाच पडला. त्याने घरी आणलेल्या मस्टँगच्या आवाजाने शेजारी इतके त्रासले, की त्यांनी पोलिसांना बोलावले. त्यातून २०१८ च्या मस्टँगमध्ये एक सोय आली. एक्झॉस्टमधल्या झडपा मिटून, ठरवलेल्या वेळेत गाडी हळू आवाजात सुरू करता येते. आवाज सुमारे १० डेसिबलने उतरतो, म्हणजे ध्वनीची तीव्रता एक दशांश होते आणि कानाला तो जवळजवळ निम्मा भासतो. मला विचाराल तर स्पोर्ट्स कारच्या एक्झॉस्टमध्ये झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा. गरजण्याची ताकद असून, शेजारी कोण झोपले आहे याचे भान तिने यंत्राला दिले.

आमच्या तालुक्यात मस्टँग नाही. आहेत त्या बुलेट आणि तत्सम मोटरसायकली. पण मोबाईलवर पाहिलेले तेच वेड येथे स्वस्तात उतरले आहे. झडपा नाहीत, गणित नाही. सायलेन्सरच्या आतले पडदे काढले की झाली सुधारणा. रात्री अकरा वाजता मुख्य रस्त्याने फटाके फोडल्यासारखे आवाज जातात. अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवले. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत नेला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे. नियम आहेत, तरी आवाज थांबत नाही.

का थांबत नाही? ही मुले दुष्ट आहेत, असे मला वाटत नाही. त्यांतले काही माझे मित्र आहेत. ज्यांच्या बापजाद्यांनी कचेरीत, सोसायटीत, सावकाराच्या ओटीवर खाली मान घालून आयुष्य काढले, त्यांच्या मुलाला आपल्याकडे चार माणसांनी वळून पाहावे असे वाटले तर नवल नाही. त्याची ही भूक खरी आहे. बाजार मात्र त्या भुकेला भाकरी न देता पत्र्याची नळी देतो. माणसे वळून पाहतात खरी, पण शिवी देऊन.

आणि त्या नळीची किंमत मोजतो कोण? बंगल्यातला माणूस खिडकी लावून घेतो. आमच्या घराला एकच खोली आहे आणि दार रस्त्यावर उघडते. त्याच खोलीत आई पहाटे कामावर जायची म्हणून लवकर निजते आणि त्याच दिव्याखाली मी पुस्तक उघडतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मला शिकवणी नाही, वेगळी खोली नाही. रात्रीची दोन तासांची शांतता हीच माझी इस्टेट आहे. माझ्यासारखे या कॉलेजात शेकड्याने असतील. ज्याला आपण गरिबाच्या मुलाची ऐट म्हणतो, ती दुसऱ्या गरिबाच्याच मुलाच्या अभ्यासावर उभी आहे. याचे मला अधिक दुःख होते.

म्हणून मी दोन गोष्टी सुचवतो. पडदे काढलेल्या सायलेन्सरची गाडी, मग ती विद्यार्थ्याची असो वा पाहुण्याची, कॉलेजच्या आवारात घेऊ नये. कॉलेजभोवतालचा परिसर कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आणि परीक्षेपूर्वीचे दोन महिने अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. पहिली गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांनी पाळायची, दुसरी संस्थेने द्यायची.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या नाट्यस्पर्धेत 'आवाज कुणाचा?' अशी आरोळी उठते आणि मुले आपापल्या कॉलेजचे नाव घेऊन थिएटर दणाणून सोडतात. त्या आवाजामागे कितीतरी रात्रींच्या तालमी असतात, म्हणून तो ऐकवासा वाटतो. मित्रांनो, आपला आवाज चार लोकांनी ऐकावा असे मलाही वाटते. त्यासाठी वादविवाद मंडळ आहे, रंगमंच आहे, या अंकाची पाने आहेत, ग्रामसभाही आहे. तेथे बोलायला उभे राहू, आणि त्या बोलण्याची तयारी करायला एकमेकांना रात्रीची शांतता देऊ.