दोन टायर की चार?

ऑक्टोबरच्या शेवटी माँट्रियलहून भाच्याचा फोन आला. कामाला लागून सहा महिने झालेले, जुनी गाडी नुकतीच घेतलेली, घरात पाच महिन्यांची मुलगी. म्हणाला, "मामू, इथे बर्फाचे टायर घालावे लागतात म्हणे. चार टायरांचा खर्च झेपत नाही. गाडी पुढच्या चाकांवर ओढते, तर पुढे दोनच घातले तर?"

माझी सारी उमर खेडच्या टायरच्या दुकानात गेली. कशेडी घाटातला पाऊस नि चिखल मला ठाऊक आहे, बर्फ नाही. तरी रबर ते रबरच. दोन दिवस वाचलं, तिकडच्या दोन जुन्या ड्रायव्हरांशी बोललो आणि मग त्याला फोन केला. ज्यांची मुलं-भाचे कॅनडात आहेत, त्यांच्यासाठी तेच इथे लिहितो.

पहिली गोष्ट, दोन टायर चालणार नाहीत. पुढे पकड आणि मागे नाही, अशी गाडी वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर मागून सुटते आणि गरकन फिरते. आणि बाळाची सीट असते मागेच. "आपाला हे सांगू का?" असं विचारल्यावर भाचा गप्प झाला. शिवाय क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च चारही टायर हिवाळी असणं कायद्याने सक्तीचं आहे. 2008 पासूनचा हा कायदा. न पाळल्यास दंड होतो.

आपले नेहमीचे टायर का चालत नाहीत? तापमान 7 अंशांच्या खाली गेलं की त्यांचं रबर कडक होत जातं. उणे 20 मध्ये तर ते घासलेल्या चपलेसारखं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीवर शेकडो बारीक काप असतात. त्यांत बर्फ अडकतो, आणि बर्फाला बर्फ चिकटतो. पोरं बर्फाचा गोळा करतात ना, तसंच. पण रस्त्यावर काचेसारखा गोठलेला थर असेल तर हे टायरही जादू करत नाहीत. तिथे हळू चालवणं हाच इलाज.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, ही खूण पाहा. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर क्युबेकमध्ये ते हिवाळी टायर धरत नाहीत. माप ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या स्टिकरवर असतं.

पैसे कमी असतील तर दोन नव्यांपेक्षा चार चांगले जुने घ्या, असं माझं मत. मात्र शेवटचे चार आकडे वाचा. 3522 म्हणजे 2022 सालच्या 35व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं. आणि नक्षी मोजून घ्या. बर्फात 4.8 मिलीमीटरच्या खाली भरवसा नको. विकणारा 'अजून दोन हिवाळे जातील' म्हणणारच. मीही तीस वर्षं असंच म्हणत आलो!

जमलं तर वेगळ्या रिमवर बसवून घ्या. सुरुवातीला खर्च होतो, पण दर हंगामाला टायर रिमवरून उतरवून चढवण्याचे पैसे वाचतात. गॅरेजचा नंबर ऑक्टोबरमध्येच लावा. पहिला बर्फ पडला की रांग लागते. चाक चढवण्याआधी जिथे रिम टेकते तिथला गंज घासून काढायला सांगा, कारण रस्त्यावरच्या मिठाने तिथे गंज धरतो. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही, आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे. हे लोक विसरतात.

हवेचंही तसंच. तापमान पाच-सहा अंश उतरलं की सुमारे 1 पौंड हवा कमी होते. 20 अंशांत भरलेली 32 पौंड हवा उणे 20 मध्ये 25 च्या आसपास येते. म्हणून महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा पाहायची. काढलेल्या टायरांवर खडूने 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं लिहून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवायचे. आणि थंडी सरली की हिवाळी टायर उतरवायचे. उन्हाळ्याच्या रस्त्यावर ते भराभर झिजतात.

भाच्याने चार जुने टायर रिमसकट घेतले. बसवल्यावर फोटो पाठवायला सांगितलं होतं. अशा बऱ्याच टायरांवर कुठल्या दिशेने फिरायचं त्याचा बाण असतो. फोटो मोठा करून पाहिला, तर मागच्या दोन्ही चाकांचे बाण उलटे! डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजवर परत गेला; त्यांनी पंधरा मिनिटांत बदलून दिले, पैसे घेतले नाहीत. रात्री आपाचा फोन आला. टायरबद्दल चकार शब्द नाही. नात आता कुशीवर वळते, तेवढंच सांगत होती.