चला, फुलं बघायला!

बालमित्रांनो, सहल म्हटली की तुमचे प्रश्न ठरलेले. झोपाळे आहेत का? पाण्यात खेळायला मिळेल का? जपानमध्ये मात्र वसंत ऋतूत घरंच्या घरं डबे घेऊन निघतात ती नुसती फुलं बघायला! या सहलीला म्हणतात 'हानामी'. 'हाना' म्हणजे फूल आणि 'मी' म्हणजे बघणं.

टोकियो शहरातल्या उएनो बागेत मार्चअखेरीस साकुराची, म्हणजे चेरीची, शेकडो झाडं फुलतात. मग तिथे उत्सव भरतो, रात्री कंदील लागतात. पण खरी मजा झाडाखाली बसण्यात, बरं का! चांगली जागा मिळावी म्हणून घरातलं कुणीतरी सकाळीच जाऊन निळं प्लास्टिक अंथरून ठेवतं. आपण एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, अगदी तसंच. चपला-बूट कडेला काढायचे, कारण अंथरलं की ते आपलं घर! डब्यात भाताचे प्रकार आणि काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे तीन गोळे असतात : गुलाबी, पांढरा, हिरवा. ते 'दांगो'. फुलांकडे पाठ करून खाण्यावर तुटून पडणाऱ्याला 'फुलांपेक्षा दांगो बरे' असं म्हणून चिडवतात.

एवढी घाई कशासाठी? तर पूर्ण बहर टिकतो जेमतेम आठवडाभर. जोराचा पाऊस आला की संपलं. इथे सगळ्यात जास्त दिसणारी जात म्हणजे 'सोमेइ योशिनो'. आपल्या हापूससारखीच ही झाडं कलमं करून वाढवतात. सगळी जणू एकाच झाडाची रूपं, म्हणून फुलतातही बरोबर आणि गळतातही बरोबर.

या झाडांची मुळं जमिनीत फार खोल जात नाहीत. हजारो पायांनी माती घट्ट झाली की मुळांना हवा-पाणी पोचत नाही आणि झाड खंगतं. म्हणून मुळांवर बसायचं नाही, फोटोसाठी फांदी ओढायची नाही. मोडलेल्या जागी झाड कुजू लागतं. 'चेरी छाटतो तो मूर्ख आणि उमे छाटत नाही तोही मूर्ख' अशी त्यांची म्हणच आहे. (उमे म्हणजे आलुबुखारच्या जातीचं एक झाड. त्याला छाटणी मानवते.) कचराही पुष्कळ जण पिशवीत भरून घरी नेतात. २०२० मध्ये करोना आला आणि बागेतल्या बैठकाच बंद झाल्या. त्या पुन्हा रंगल्या २०२३ मध्ये. तोवर लोकांनी फुलं पाहिली ती चालता चालता.

"बाई, मग चेऱ्या खायला मिळतात का हो?" आमच्या चौथीतल्या एका मुलीचा प्रश्न. नाही गं! ही झाडं फुलांसाठी लावलेली. फळ धरलंच तर बारीक आणि कडवट. पण पान मात्र खातात! खारवलेल्या पानात गुंडाळलेली गोड 'साकुरामोची' तिथे फार आवडीची. आपण पातोळ्यांवरचं हळदीचं पान काढून टाकतो. तिथे मात्र पानासकट खायची की पान सोडून, यावर जेवढी तोंडं तेवढी मतं!