ठाम शब्द, डळमळीत अर्थ

इंग्रजी भाषेत दृढता, स्थैर्य आणि निश्चिती व्यक्त करणारी क्रियाविशेषणे विपुल आहेत. 'फर्मली', 'स्टेडिली', 'रेझोल्यूटली', 'सर्टनली', 'डेफिनेटली' हे त्यांतले नित्य आढळणारे शब्द. कचेऱ्यांतील पत्रव्यवहार, विद्यार्थ्यांचे निबंध आणि पुढाऱ्यांची निवेदने यांत त्यांचा सढळ हाताने वापर होतो. आणि तोच मजकूर मराठीत उतरला, की या साऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा 'ठामपणे' हा एकच शब्द येतो. वरवर पाहता हा केवळ शब्दयोजनेचा प्रश्न वाटेल. वस्तुतः तो विचारांच्या शिस्तीचा प्रश्न आहे. कारण या शब्दांतून तीन अगदी भिन्न गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्यांची सरमिसळ झाली की आवाजाचा जोर हाच पुरावा ठरू लागतो.

पहिली गोष्ट मनाच्या निर्धाराची. 'फर्मली' व 'रेझोल्यूटली' हे शब्द बोलणाऱ्याची वा करणाऱ्याची वृत्ती सांगतात. दुसरी गोष्ट काळाची. भाव 'स्टेडिली' वाढतात, तेव्हा त्यांनी मनाशी कसलाही निश्चय केलेला नसतो. ते खंड न पडता वाढत राहतात, एवढेच म्हणायचे असते. तेथे 'सातत्याने' हा शब्द योग्य. तिसरी गोष्ट ज्ञानाची. 'सर्टनली' हा शब्द विधानाच्या सत्यतेची हमी देतो. निर्धार कर्त्याचा, सातत्य क्रियेचे आणि निश्चिती विधानाची, असा हा भेद आहे. एखादा मनुष्य पूर्ण अज्ञानात राहूनही निर्धाराने बोलू शकतो, तर खरोखर जाणणारा पुष्कळदा सौम्य स्वरात बोलतो. ठामपणे सांगितले म्हणून ते निश्चित झाले, असे समजण्याची चूक येथूनच सुरू होते.

या शब्दांची कुळकथाही उद्बोधक आहे. 'स्टेडी' हा शब्द 'स्टेड', म्हणजे जागा, या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला. त्याचा मूळ धातू आणि आपला 'स्था' धातू हे एकाच घराण्यातले. आपला 'ठाम' हा शब्दही 'स्था'च्याच कुळातला असून 'ठामठिकाणा' या जोडशब्दात त्याचा जागा हा अर्थ अजून टिकून आहे. म्हणजे दोन्ही भाषांत स्थैर्याची कल्पना पाय रोवून उभे राहण्यातून निघाली. 'सर्टन'चे मूळ मात्र निराळे आहे. ज्या लॅटिन क्रियापदातून तो उगवला, त्याचा अर्थ चाळणे, वेगळे करणे असा आहे. धान्य पाखडून फोलकट उडून गेल्यावर जे उरते, ते निश्चित. पाय रोवणे वेगळे आणि पाखडणे वेगळे, हा विवेक त्या शब्दांच्या मुळाशीच होता.

परंतु खात्री देणारे शब्द फार वापरले गेले, की नाण्यांप्रमाणे झिजतात. 'सून' या इंग्रजी शब्दाचा प्राचीन अर्थ 'तत्काळ' असा होता. आज तो 'लवकरच' एवढ्यावर आला आहे. 'प्रेझेंटली'चीही तीच गत झाली. माणसे 'आत्ता करतो' म्हणत राहिली आणि करीत नाहीत, तेव्हा शब्दाने हळूहळू माणसांचा स्वभाव उचलला. 'शुअरली' या शब्दाची कथा तर अधिक विलक्षण आहे. त्याचा अर्थ 'खात्रीने' असला, तरी वाक्यारंभी तो आला की बहुधा बोलणाऱ्याला पुरती खात्री नसते. तो ऐकणाऱ्याची संमती मागत असतो. आपल्या 'नक्कीच'ची वाटचाल काही वेगळ्या दिशेने चालली आहे, असे म्हणवत नाही.

या ढिलाईची किंमत केवळ निबंधातील गुणांपुरती नसते. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेने, युगोस्लाव्हियावर त्या वर्षी आक्रमण होण्याची 'गंभीर शक्यता' असल्याचा अहवाल दिला. तो तयार करण्यात वाटा असलेले शेरमन केंट यांना पुढे एका अधिकाऱ्याने विचारले, की याचा नेमका अर्थ काय. केंट यांच्या मते आक्रमणाच्या बाजूने पासष्ट आणि विरुद्ध पस्तीस असे प्रमाण होते. विचारणाऱ्याने ते पुष्कळच कमी धरले होते. केंट यांनी मग सहकाऱ्यांकडे चौकशी केली. या शब्दांना सर्वांनी संमती दिली होती. पण एकाच्या मनात वीस टक्के होते, तर दुसऱ्याच्या मनात ऐंशी. युद्ध होईल की नाही, यासंबंधीच्या वाक्यात ही तफावत होती! १९६४ साली केंट यांनी या विषयावर एक निबंध लिहून अशा शब्दांना ठराविक अर्थ देण्याचा आग्रह धरला.

हा आग्रह पुढे विज्ञानाच्या क्षेत्रात बऱ्याच अंशी फलद्रूप झाला. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या अहवालांत एखादी गोष्ट 'जवळजवळ निश्चित' म्हटली, तर तिची शक्यता ९९ टक्के वा अधिक समजायची. 'फार संभाव्य' म्हटले, तर किमान ९०. आणि नुसते 'संभाव्य' म्हटले, तर किमान ६६. तेथे क्रियाविशेषण ही अलंकरणाची वस्तू राहिलेली नाही; ते मापाचे भांडे झाले आहे.

कोणी म्हणेल, दैनंदिन व्यवहारात टक्केवारीने बोलायचे काय? तसे मुळीच नाही. निर्धाराची गरज असते तेथे निर्धाराने बोललेच पाहिजे; अन्यायापुढे 'कदाचित' म्हणणे हा विवेक नव्हे. आणि मराठीला त्यासाठी लांबलचक क्रियाविशेषणांची गरजही नाही. 'येईन' आणि 'येईनच' यांतील अंतर एका 'च'ने सांगणारी ही भाषा आहे. 'निश्चितपणे', 'निर्विवादपणे', 'ठामपणे' अशी '-पणे'ची माळ पुष्कळदा इंग्रजी वाक्याच्या सावलीतून आलेली असते. 'याप्रकरणी निश्चितपणे योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' या वाक्यात कोण, काय आणि केव्हा करील, हे तिन्ही गाळलेले असते आणि ती पोकळी 'निश्चितपणे'ने झाकलेली असते. 'आपल्या अर्जाचा निर्णय पंधरा तारखेपर्यंत कळवू' या साध्या वाक्यात एकही ठाम शब्द नाही. पण अर्जदाराला धीर त्यानेच येतो.

१९४८ साली बर्ट्रांड रसेल यांनी बीबीसीवरील एका कार्यक्रमात या वृत्तीची मोठी मार्मिक थट्टा केली होती. मी स्वतः दृढ असतो, समोरचा हट्टी असतो आणि तिसरा निव्वळ दुराग्रही मूर्ख, असा तिचा आशय. गुण तोच, नाव मात्र पुरुषागणिक बदलते.

म्हणून शिक्षकांनी हे शब्द शिकविताना नुसते अर्थ पाठ करून घेऊ नयेत. वाक्यात 'निश्चितपणे' आले, की 'कशावरून?' हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावावी. 'ठामपणे' आले, की 'कोण?' आणि 'सातत्याने' आले, की 'केव्हापासून?' असे विचारायला शिकवावे. मसुदा लिहिणाऱ्या कारकुनानेही सहीसाठी कागद पुढे पाठविण्यापूर्वी हेच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तर मिळाले, तर शब्द राहू द्यावा. न मिळाल्यास तो खोडावा. वाक्य त्याने दुबळे होत नाही, प्रामाणिक होते.