हौदामागची भिंत

आमच्या अणदुरात न्हाणीघरात बाथटब क्वचितच दिसेल. असतो तो हौद, कोपऱ्यात दोन भिंतींना लागून बांधलेला, कारण उन्हाळ्यात नळाचा भरवसा धरता येत नाही. मी टाइल बसवणारा गवंडी. हल्ली मला बोलावणं येतं ते बहुतेक या हौदाभोवतीच्या टाइल बदलायलाच.

"मिस्त्री, दोन टाइल निघाल्यात, तेवढ्या चिकटवून द्या." जाऊन बोटानं ठोकून बघतो. निघालेल्या दोनच, पण हौदाच्या काठापासून कमरेपर्यंत सगळ्या पोकळ वाजतात. छिन्नी लावली की टाइल अख्खी हातात येते. तिच्या पाठीवर सिमेंटचे पाच ठिपके असतात, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. बाकी सगळी पोकळी. हौद आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी तिथं शिरतं, गिलावा भुसभुशीत होतो, पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे सुटतात. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया जरा हलला की आधी उकलतो तो हाच सांधा.

तरी लोक म्हणतात, जुन्यावरच नवी चढवा, दोन दिवसांत उरका. पोकळ टाइलवर नवी चढवली तर भिंतीवरचं ओझं तेवढं वाढतं, ओल आहे तिथंच राहते. आमच्या गावचा देव खंडोबा नळदुर्गला जातो तेव्हा पावणेदोन महिने तिथं राहतो. तो परत यायच्या आत निवांत होणारं हे काम आहे, पण दोन दिवसांत होणारं नव्हे. ओला गिलावा विटेपर्यंत खरडायचा. नवा केला की सात दिवस त्यावर पाणी मारायचं. सांध्यात सिमेंटची गोलाई करून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, हौद भरून दोन दिवस ठेवायचा, मगच टाइलला हात लावायचा.

टाइलही पारखून घ्यावी. साधी सिरॅमिक पाणी पिते, म्हणून ती आधी भिजवून सिमेंटात बसवतात. मोरबीहून येणारी व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, साधं सिमेंट तिला धरत नाही. तिला आयएस १५४७७ छापलेलं अॅडहेसिव्हच लागतं, तेही दातेरी थापीनं पाठभर पसरलेलं.

ठिपक्यांचा दोष लोक गवंड्यावर टाकतात. पण सगळं काम फुटावर ठरवलं की भिंत खरडण्याचे, गिलावा वाळू देण्याचे दिवस गवंड्याच्या पोटाला बसतात. मग तो ठिपकेच लावणार. शेजारी नळदुर्गच्या किल्ल्यात १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बोरी नदीवर बंधारा बांधला. वरून पाणी कोसळत असताना त्याच्या पोटातल्या पाणीमहालात माणूस आजही उभा राहतो. ते बांधणाऱ्यांच्या मागं कुणी फुटाचा हिशेब घेऊन उभं असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मागणं आहे. फोडकाम, गिलावा आणि हौद भरून बघणं हे हजेरीवर द्या. फुटाचा दर फक्त टाइलला लावा. आणि कटरवर पाणी सोडायला एक जादा माणूस धरा. कोरडी टाइल कापताना उडणारी सिलिकाची धूळ आमच्या पोरांच्या फुप्फुसात बसते, ती पुन्हा निघत नाही. त्या माणसाची हजेरी बिलात धरा, मी ती आधीच लिहून देतो.