आधी लाट, मग सही

आपण भेंडीचं टोक मोडून बघतो. कलिंगडावर टिचकी मारतो. शर्ट घ्यायचा तर ट्रायल रूममध्ये तीन वेळा जाऊन येतो. आणि फ्लॅटचं पझेशन घ्यायची वेळ आली, की नवीन रंगाच्या वासाने गुंगी आल्यासारखे बिल्डरने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर भराभर सह्या ठोकतो. नळ सोडून बघायचं राहूनच जातं! वस्तू जेवढी महाग, तेवढी तिची तपासणी कमी, असा काहीतरी उलटा नियम आहे आपला.

बोटीच्या बाबतीत हा नियम फार महागात पडू शकतो. 'बोट? आणि आपल्याला?' असं म्हणून पान उलटू नका. माझ्या चार मित्रांनी, म्हणजे दोन आयटीवाले, एक बँकवाला आणि एक सीए अशा तुमच्या-माझ्यासारख्या चार पगारदारांनी कॉन्ट्रीब्युशन काढून बोट बुक केली. एकवीस फुटी, फायबरची, मागे दीडशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, आठ माणसांची क्षमता. सत्तर टक्के रक्कम भरून झाली होती, तीस टक्के बाकी होती. विक्रेत्याचा निरोप आला, 'गेटवेला या, एक राउंड मारू, पेढे वाटू आणि सही करून चावी घेऊन जा.' लिहायला विषय मिळेल म्हणून मीही निघालो.

ह्या 'एक राउंड'ला बोटींच्या दुनियेत सी ट्रायल म्हणतात. ती राउंड मारण्यासाठी नसते, बोट नाकारता यावी म्हणून असते. हा फरक आमच्या सीएच्या डोक्यात पक्का होता. त्याने दोन गोष्टी केल्या. मांडव्याच्या बाजूचे एक अनुभवी तांडेल काका दिवसभरासाठी सोबत घेतले. आणि विक्रेत्याला सांगितलं, 'आम्ही यायच्या आधी इंजिन सुरू करायचं नाही.' का? सेकंडहँड बाइक घेणाऱ्याला हे बरोबर कळेल. गरम इंजिन कुणाचंही पटकन सुरू होतं. खरं कळतं ते गार इंजिनाला चावी लावल्यावर.

मुंबईत बोट बघायला जाणं म्हणजे शोरूममध्ये जाणं नव्हे. गेटवेसमोर बोटी पाण्यातच बांधलेल्या असतात, तिथवर छोट्या होडीतून जायचं. पोचल्याबरोबर काकांनी आधी इंजिनाच्या कव्हरवर हात ठेवला. गार! मग चावी. पहिल्या झटक्यात सुरू. लगेच काका मागे वाकून बघायला लागले. आउटबोर्डच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत उडत राहायला हवी. इंजिन गार ठेवणारं समुद्राचं पाणी नीट फिरतंय, ही त्याची खूण. धार नसेल तर तिथेच चावी बंद करायची. मग गिअर टाकून स्टार्ट करून बघितलं. बोट सुरू झाली नाही, आणि ती तशी होताच कामा नये. न्यूट्रलशिवाय सुरू होणारी बोट म्हणजे धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर सोडलेली बोट.

नवं इंजिन लगेच फुल थ्रॉटल पळवायचं नसतं. पहिले काही तास ते हळूहळू रुळवावं लागतं. विक्रेता म्हणाला, 'आम्ही तीन तास चालवलंय.' सीएने निमूटपणे अवर मीटर बघितला. तीन होते. बोला!

काकांनी ट्रायलची वेळ तिथीवरून ठरवली होती. आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली, की भरती पूर्ण होण्याची साधारण वेळ मिळते. त्या दिवशी अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला उधाण नसतं, भांगाची भरती असते, म्हणून पाण्याची ओढही कमी. तरी वेग मोजताना एकाच दिशेने पळवून चालत नाही. एकदा ओहोटीच्या प्रवाहाबरोबर, एकदा उलट. आम्हाला ३७ नॉट आणि ३५ नॉट मिळाले. सरासरी ३६, म्हणजे ताशी जवळपास ६७ किलोमीटर. ब्रोशरमध्ये असं गणित नसतं. तिथे एकच आकडा असतो आणि तो नेहमी प्रवाहाबरोबर वाहणारा असतो.

हे सगळं आम्ही केलं ते फेरीबोटींचा रस्ता आणि मोठ्या जहाजांचं चॅनल सोडून, पार मांडव्याच्या बाजूला. त्यावर काका अडूनच बसले होते. १८ डिसेंबर २०२४ला मुंबई बंदरात नौदलाच्या एका वेगवान बोटीची इंजिन चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला आणि ती घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' ह्या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा माणसं गेली. ट्रायल म्हणजे अजून भरवसा न बसलेलं यंत्र जोरात पळवणं. ते गर्दीत करायचं नसतं. आमच्यापैकी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं आणि इंजिन बंद करणारी ती लाल दोरी चालवणाऱ्याला अडकवलेली होती. ती दोरीही काकांनी हळू वेगात असताना मुद्दाम ओढून बघितली. इंजिन तत्क्षणी बंद! चालवणारा पाण्यात पडला तर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ नये, म्हणून ती असते.

इथपर्यंत सगळं गोड. ३६ नॉटचा वेग बोटीत फक्त तिघं असताना मिळाला होता. टाकी पाव भरलेली, इंजिनाचे फेरे ५,६०० आरपीएम. विक्रेत्याने फॉर्म पुढे केला, 'बोट समाधानकारक स्थितीत मिळाली. सर, इथे सही.'

सीए म्हणाला, 'आता आठ जण बसू.'

आम्ही पाच, काका, विक्रेता आणि त्याचा मेकॅनिक. बरोब्बर आठ! मांडव्याला सोबत आणलेल्या कॅनमधून टाकी फुल केली, पाण्याचे कॅन आणि बर्फाची पेटी चढवली. म्हणजे ती बोट खऱ्या रविवारी जशी भरेल तशी भरली. आणि तिचा चेहराच बदलला. नाळ आभाळाकडे गेली, समोरचं काही दिसेना, पाण्यावर उचलली जायला तिला चांगलाच वेळ लागला. फुल थ्रॉटलला काटा ४,८०० वर अडकला. त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये ५,००० ते ६,००० लिहिलेलं. म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी घाट चढवल्यासारखं इंजिन कण्हत होतं. वर्षानुवर्षं असं चालवलं, तर ते वेळेआधी म्हातारं होणार हे नक्की.

'सर, लोडमध्ये सगळ्या बोटी अशाच चालतात,' विक्रेता म्हणाला.

'मग तसं लिहून द्या,' सीए म्हणाला.

शांतता.

तेवढ्यात एक वाजून गेला. काका म्हणाले, 'सकालचा दर्या कोनालाबी गोड वाटतो. आता बघा त्याला.' खरंच, सकाळचा मतलई वारा पडला होता आणि खारा वारा सुटला होता. पाण्यावर चुरचुरीत लाटा उठल्या. नाळ आपटायला लागल्यावर फायबरचा आवाज ऐकायचा असतो. ठणठणीत एकसंध आवाज ठीक, सुटलेल्या पत्र्यासारखी खडखड वाईट. आमची ठणठणीत होती. वळणं घेऊन बघितली, पंखा हवा पकडतो का ते ऐकलं, रिव्हर्समध्ये मागून पाणी आत येतं का ते पाहिलं. सगळं पास. मग काकांनी तळाचं झाकण उघडलं. नव्या बोटीचा तळ कोरडा हवा. आत दोन बोटं पाणी! चव घेतली, खारट. एका पाइपची क्लिप सैल होती. आपटेपर्यंत तिने गुण दाखवला नव्हता. सकाळच्या शांत पाण्यातल्या 'एक राउंड'मध्ये ती कधीच सापडली नसती.

सही झाली नाही. पेढे तसेच परत गेले. तीस टक्क्यांचा चेक सीएच्या बॅगेतच राहिला, आणि मंडळी, त्या दिवशीचं आमचं सगळ्यात मोठं सेफ्टी इक्विपमेंट तेच होतं. दोन दोषांची यादी झाली, त्यावर विक्रेत्याची सही घेतली, नवी तारीख ठरली. पंखा बदलायचा होता. पंख्याची पिच एक इंच कमी केली, की इंजिनाचे साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात. दोन इंच कमी पिचचा पंखा लागला. दहा दिवसांनी पुन्हा आठ जण, फुल टाकी, दुपारचा वारा. काटा ५,२०० वर आणि तळ कोरडा. रिकाम्या बोटीचा टॉप स्पीड थोडा उतरला, पण रिकामी बोट घेऊन फिरणार कोण?

हे वाचणाऱ्यांतले बहुतेक जण बोट घेणार नाहीत हे मलाही माहीत आहे. पण फ्लॅट, गाडी, नवी नोकरी, काहीतरी घेणार आहातच. तिथेही कुणीतरी सकाळच्या शांत पाण्यात एक राउंड मारून देईल आणि कागद पुढे करेल. तेव्हा गोड हसा, पेन खिशात ठेवा आणि विचारा, 'दुपारी आठ जण बसवून दाखवता का?'