मान मोडून घेऊ नका

‘डोकं जड झालं की सलूनमध्ये जातो आणि मान मोडून घेतो, लगेच हलकं वाटतं.’ आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. सांगणारा बहुधा तिशी-चाळिशीतला असतो आणि कोपऱ्यावर चहा पिऊन आलो, इतक्या सहजपणे सांगतो. हल्ली त्यात मोबाइलवरच्या व्हिडिओंची भर पडली आहे. मानेला झटका बसतो, कडकन आवाज येतो, खुर्चीतला माणूस डोळे मिटून हसतो. त्या माणसाचा पुढचा तास आणि पुढचा दिवस कोणी दाखवत नाही. म्हणून आजचा लेख थोडा चढ्या आवाजात आहे.

आधी एक स्पष्ट करतो. माझं भांडण मालिशशी नाही. घरच्या माणसाने कोमट खोबरेल घेऊन बोटांच्या पेरांनी टाळू, कपाळ, मानेचा मागचा भाग चोळून दिला तर खुशाल घ्या. माझं भांडण दोन गोष्टींशी आहे. एक, मानेला झटका देणं. दुसरं, ‘शीर दबली आहे, दहा वेळा मालिश करा, अर्धशिशी मुळापासून जाईल’ असं सांगून पॅकेज विकणं.

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना छिद्रं असतात. त्या छिद्रांमधून एक-एक रक्तवाहिनी वर चढते, सर्वांत वरच्या मणक्यावर वळसा घेते आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवते. मानेच्या पुढच्या बाजूला आणखी दोन मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. डोकं हनुवटीला धरून एकदम फिरवलं की या नळ्या ताणल्या जातात. एखाद्या वेळी नळीचं आतलं अस्तर फाटतं, तिथे रक्ताची गुठळी जमते आणि ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. हे लगेच होईल असं नाही. काही तासांनी होतं, कधी काही दिवसांनी. तोवर माणूस घरी पोहोचलेला असतो आणि सलूनचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही.

२०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकातल्या बळ्ळारीची बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. तीस वर्षांचा तरुण, केस कापून झाल्यावर फुकटात डोक्याची मालिश, आणि शेवटी मानेला झटका. घरी गेल्यावर काही तासांत त्याचं बोलणं बंद झालं, डावी बाजू लुळी पडली. मानेतल्या रक्तवाहिनीला चीर गेली होती. बंगळुरूच्या रुग्णालयात उपचार झाले म्हणून तो सावरला. त्याआधी २०१७ मध्ये दिल्लीच्या एका ५४ वर्षांच्या गृहस्थांना सलूनमधल्या अशाच मालिशनंतर श्वास घेता येईना. श्वासपटल हलवणाऱ्या नसा दुखावल्या होत्या. २०२२ मध्ये हैदराबादच्या पन्नास वर्षांच्या बाईंना ब्यूटी पार्लरमध्ये केस धुताना, मान मागे बेसिनच्या कडेवर टेकलेली असताना, चक्कर आणि उलट्या सुरू झाल्या. तोही पक्षाघातच निघाला. हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत डॉ. मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ सालीच पार्लरमधून आलेल्या अशा पाच रुग्णांची नोंद केली होती.

तुम्ही म्हणाल, ‘डॉक्टर, आमच्या गल्लीत रोज पन्नास माणसं मान मोडून घेतात, कोणाला काय झालंय?’ बरोबर आहे. हे क्वचितच होतं. कधी कधी तर रक्तवाहिनीला आधीच चीर गेलेली असते, तिच्यामुळे मान दुखू लागते आणि त्या दुखण्यासाठीच माणूस मान मोडायला जातो. मग दोष झटक्याचा की आधीच्या चिरेचा, हे सांगणं अवघड असतं. पण धोका मोजताना समोर फायदाही मांडावा लागतो ना? तो ‘कडक’ आवाज म्हणजे शीर मोकळी झाली असं नव्हे, हाड जागेवर बसलं असंही नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. थोडा वेळ बरं वाटतं, संध्याकाळपर्यंत मान पुन्हा आखडते. एवढ्यासाठी मेंदूचा रक्तपुरवठा पणाला लावायचा?

यात मी सलूनवाल्यांना दोषी धरत नाही. बहुतेक वेळा गिऱ्हाईकच मागतं. गणपतीला मुंबईहून रात्रभर बसमध्ये मान वाकडी करून झोपलेले चाकरमानी सकाळी गावात उतरतात, दाढी करायला जातात आणि स्वतःहूनच म्हणतात, ‘जरा मान मोड रे.’ त्या आखडलेल्या मानेला गरम पाण्याचा शेक, दोन दिवस हळूहळू हालचाल आणि एक धड उशी एवढंच हवं असतं.

आता साध्या, हलक्या हाताच्या मालिशकडे येऊ. सर्वांत जास्त आढळते ती ताणाची डोकेदुखी. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंना दुखतं, पण उलटी होत नाही आणि माणूस कामं करत राहतो. अशा वेळी मानेचे, खांद्यांचे, कानशिलांचे स्नायू हाताला दुखरे लागतात आणि ते चोळले की बरं वाटतं. पण किती बरं? अमेरिकेत ५६ रुग्णांवर एक नेटका अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं तज्ज्ञाकडून मालिश. काहींना बंद केलेलं अल्ट्रासाउंड यंत्र नुसतं फिरवून खोटा उपचार. डोकेदुखीचे दिवस दोन्ही गटांत कमी झाले, आणि दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. मालिश घेतलेल्यांना दुखणं कमी झाल्यासारखं मात्र जास्त वाटलं. म्हणजे शांत पडून राहणं, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देणं, याचाही त्यात मोठा वाटा आहे. तो वाटा मी कमी लेखत नाही. पण तो घरी, खोबरेलाच्या बाटलीतही मिळतो.

अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची, गोष्ट वेगळी. इथेच लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. आपल्याकडे तिला ‘पित्ताचं डोकं’ म्हणतात, कारण मळमळतं आणि उलटी झाली की उतार पडतो. ‘शीर दबली’ असंही म्हणतात, कारण मान दुखते. खरं तर मायग्रेन हा मेंदूचा आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेचा आजार आहे, बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला. मानदुखी हा कित्येकांच्या बाबतीत त्या झटक्याचाच भाग असतो, डोकं दुखायच्या आधीच सुरू होतो. मान दुखली म्हणून डोकं दुखलं असं आपल्याला वाटतं, पण बहुधा अर्धशिशी सुरू झाली म्हणून मान दुखायला लागलेली असते. काहींना झटक्यात केस विंचरणंही सहन होत नाही. अशा वेळी डोकं रगडून घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि एक साधा हिशेब बघा. उपचार केला नाही तरी मायग्रेनचा झटका चार तास ते तीन दिवसांत आपोआप थांबतो. म्हणजे त्या काळात तुम्ही शेवटचं जे काही केलं असेल, सुंठ उगाळून लावली, बाम चोळला, मान मोडली, अंगारा लावला, श्रेय त्याला जातं. पॅकेजवाल्याचा सगळा धंदा या आपोआप थांबण्यावर चालतो.

यात नुकसान होतं ते वर्षांचं. कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत वर्षभरात चारांतल्या साधारण एका प्रौढाला मायग्रेनचा त्रास झाल्याचं आढळलं. आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. महिन्यातून चार किंवा अधिक दिवस डोकं धरून झोपावं लागत असेल, तर झटके कमी करणारी औषधं काही महिने घ्यायची असतात. प्रोप्रॅनोलॉल त्यातलं जुनं आणि स्वस्त औषध. दमा असणाऱ्यांना ते चालत नाही, त्यांच्यासाठी दुसरी आहेत. निवड तपासूनच होते, म्हणून इथे वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका. सोबत स्वतःची निमित्तं ओळखायची. शिमग्यात पालखीबरोबर रात्रभर जागरण, चतुर्थीचा कडक उपवास, आंब्याच्या हंगामात उन्हात पाण्याशिवाय गेलेली दुपार, ही इथल्या रुग्णांची नेहमीची निमित्तं. देवाला नमस्कार करा, पण पोट पूर्ण रिकामं ठेवू नका. मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी श्रावणात बायकांची रांग लागते.

मालिशवर विसंबलेली मंडळी मधल्या दिवसांत गोळ्या खातात, हेही सांगायला हवं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर ती गोळीच डोकं दुखवू लागते. ते दुखणं कोणत्याही तेलाने जाणार नाही.

राहिला जबडा. गंमत अशी की या तिन्ही दुखण्यांत हाताच्या उपचाराचा पुरावा सर्वांत चांगला इथे आहे, आणि आपल्याकडे जबड्याला हात कोणीच लावत नाही! २०२३ च्या अखेरीस ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर तज्ज्ञांच्या शिफारशी आल्या. त्यात दुखऱ्या बिंदूंवर हाताने दाब देणं, तज्ज्ञाने जबड्याची हालचाल करून घेणं, जबड्याचे व्यायाम आणि मनावरचा ताण हाताळायचं प्रशिक्षण यांना ठाम पाठिंबा आहे. दात कायमचे घासून-बदलून करायच्या खर्चिक उपायांना मात्र ठाम नकार आहे.

घरी करून बघा. दातावर दात दाबा. कानाच्या पुढे खालच्या बाजूला जो स्नायू टणक होतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. तसाच दुसरा कानशिलावर आहे, म्हणून रात्री दात खाणाऱ्यांची सकाळी कानशिलं दुखतात. (दात खाणं म्हणजे जंत, हा समज आता सोडा.) जबडा सैल सोडा, दोन बोटांनी या स्नायूंवर लहान-लहान गोल फिरवा, अर्धा ते एक मिनिट, दिवसातून दोन-तीन वेळा. आधी कोमट फडक्याचा शेक घ्या. दिवसभर ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे ठेवा. दुखतंय तोवर फणसपोळी आणि चिवट आंबापोळी बाजूला ठेवा. सुपारी मात्र कायमचीच. कारण गुटखा, सुपारी, मावा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं तर तो स्नायूचा आखडलेपणा नसतो, गालाच्या आतलं अस्तर कडक होत गेलेलं असतं आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील तर गालाला तेल चोळत बसू नका, दंतवैद्यांकडे जा.

जबड्याची आणखी दोन दुखणी अशी आहेत की तिथे मालिशमध्ये घालवलेला वेळ महागात पडतो. रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळाकडे चढताना किंवा वाडीची घाटी चढताना जबडा दुखतो, थांबलं की थांबतो, तर ते दुखणं हृदयाचं असू शकतं. ते जबड्यात दुखतं, छातीत दुखेलच असं नाही. त्याच दिवशी ईसीजी काढा. घाम आणि दम यांसह बसल्या जागी दुखू लागलं तर लगेच. दुसरं, पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच कानशील ठणकू लागलं, तिथे हात लावला तरी दुखतं, जेवताना चावून चावून जबडा भरून येतो आणि मध्येच अंधुक दिसतं. ही कानशिलातल्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. आपल्याकडे ती कमी आढळते, पण उपचार लांबला तर डोळा कायमचा जातो. रक्ताच्या साध्या तपासणीत संशय येतो, आणि स्टेरॉइड वेळेत सुरू केलं तर दृष्टी वाचते.

डोकेदुखी एकाएकी वीज कोसळल्यासारखी आली, ताप आणि मान ताठ झाली, किंवा मालिशनंतर, मानेला झटका बसल्यानंतर एका बाजूची मान आणि डोकं नव्याच प्रकारे दुखू लागलं, तोल जायला लागला, दोन-दोन दिसायला लागलं, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले, तर घरात तेल गरम करत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या वाड्यांवरून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात पोहोचण्यातच त्यातला बराचसा वेळ जातो. १०८ ला फोन करा आणि त्रास नक्की किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून सोबत आणा.